स्लॅबचा गुरुवार

पहाटे ४.४५

गजर पाचचा लावला होता, पण त्याची गरज पडली नाही. जुनं घर पाडल्यापासून आम्ही पाच माणसं परसातल्या पत्र्याच्या खोलीत दिवस काढतोय. आई माझ्याही आधी उठून दारात बसली होती. म्हणाली, "आभाळ बघितलंस का?" बघितलं. एक ढग नव्हता. पण वैशाखात सकाळच्या आभाळावर कुणी विसंबू नये. वळीव येतो तो दुपारी चारनंतर, आणि येताना विचारून येत नाही.

आज आमच्या घराचा स्लॅब. आमच्या माण गावात हे वाक्य लग्नाच्या तारखेसारखं सांगतात. पाया खणला, जोतं भरलं, कॉलम उभे राहिले, तेव्हा कुणी थांबून पाहिलं नाही. स्लॅब म्हटल्यावर मात्र भावकीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे विचारतात, "कधी आहे?"

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून स्लॅबही गुरुवारी धरला. त्यातली मेख अशी की महावितरणसुद्धा देखभालीच्या कामासाठी वीज गुरुवारीच बंद ठेवतं. म्हणून पाण्याची टाकी कालच टँकरनं भरून घेतली आणि व्हायब्रेटर पेट्रोलवरचा सांगितला. सुट्टी आहे त्या दिवशी वीज नाही आणि वीज आहे त्या दिवशी सुट्टी नाही, हे इथल्या कामगाराला कुणी शिकवावं लागत नाही.

५.१५

बॅटरी घेऊन शिडीनं वर गेलो. लोखंडी प्लेटांवर सळयांची जाळी पसरलेली, खाली टेकूंचं जंगल. इंजिनिअर मॅडम काल संध्याकाळी दोन तास हेच तपासत होत्या. मीही त्यांच्या मागं वही घेऊन फिरलो. कारखान्यात एक सवय अंगात भिनलीय, जे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी बघायचं. घराच्या कामात तर निम्म्याहून जास्त पैसा झाकलाच जातो. फरशी उद्या बदलता येईल, रंग परवा बदलता येईल. स्लॅबच्या पोटातली सळई पुन्हा डोळ्यांना दिसणार नाही.

काल वहीत लिहिलेलं आज एकट्यानं पुन्हा पाहिलं. जाळीखाली कव्हर ब्लॉक आहेत का? स्लॅबला २० मिलिमीटर, तुळईला २५. हे सिमेंटचे चौकोनी ठोकळे सळईला प्लेटेपासून उचलून धरतात. ते नसले तर सळई तळाशी टेकते, पाच-सात पावसाळ्यांत गंजते, फुगते आणि छताचे पोपडे खाली पडतात. लोक त्याला 'स्लॅब गळतो' म्हणतात. तो गळण्याआधी उघडा पडलेला असतो. ठोकळ्याऐवजी खडीचा तुकडा सरकवायची पद्धत आहे. खडी घसरते, ठोकळा तारेनं बांधलेला असतो.

मग रिंगा. तुळईच्या रिंगेचं टोक नुसतं काटकोनात दुमडलेलं नको, आत गाभ्याकडं वळलेलं हवं. मग बाल्कनी. इथं सगळ्यात जास्त चूक होते. खोलीच्या स्लॅबला मुख्य सळई खालच्या अंगाला लागते, कारण वजनानं तो मधोमध खाली वाकतो. बाल्कनी एका बाजूनं लोंबकळते, तिचा ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून तिची सळई वर हवी. दिवसभर माणसं त्यावरून चालतात आणि ती दबून खाली जाते. मग बाल्कनीत सळई असूनही ती नसल्यासारखीच. म्हणून तिच्याखाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या ठेवतात. दोन फुटाला एक. मी मोजल्या. चौदा होत्या.

५.५०

मिक्सर काल रात्री अकराला गल्लीत आणून लावला. दिवसा आणला असता तर शाळेच्या बसवाल्यांनी शिव्या घातल्या असत्या. पुष्कळ जण विचारतात, तयार काँक्रीट का नाही मागवलं? इथं जवळपास त्याचे कारखाने आहेत, प्रतही बरी असते. पण आमची गल्ली नऊ फुटांची, मोठी गाडी चौकातच अडकते. शिवाय हिंजवडीच्या वाहतुकीत गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी. गाडी वाटेत अडकली तर आतलं काँक्रीट घट्ट व्हायला लागतं, आणि मग चालक गुपचूप त्यात पाणी सोडतो. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा आमच्याच गावच्या जमिनीवर आहे, शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रो मार्गाचं टोकही इथंच. मात्र गावठाणातल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्याच राहिल्या. ज्याच्या दारापर्यंत गाडी जाते त्यानं जरूर मागवावं. आमच्यासाठी लिफ्टचा मिक्सर बरा.

माल मोजून घेतला. आठशे चौरस फुटांचा, पाच इंची स्लॅब, तुळया धरून साधारण सव्वाबारा घनमीटर काँक्रीट. एकास दीड, तीन हे प्रमाण धरलं तर सिमेंटची शंभर पोती, क्रश सँड दोन ब्रास, खडी चार ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हा हिशेब मालकाला तोंडपाठ हवा, नाहीतर सकाळी अकराला कुणीतरी येऊन सांगतं, "शेठ, सँड कमी पडणार", आणि त्या घाईत येणारा डंपर काय माल टाकतो ते बघायला कुणाला सवड नसते. सिमेंटच्या पोत्यावरचा महिना वाचला. गेल्या महिन्यातलं होतं. तीन महिन्यांहून जुनं असतं तर परत पाठवलं असतं.

६.३०

टोळी टेम्पोतून उतरली. सतरा माणसं, त्यात सहा बायका. मुकादम लातूरकडचे, औसा तालुक्यातले. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, बोलणं कमी. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला शेठ म्हणतात. शेठ म्हणू नका म्हणून दोनदा सांगून पाहिलं. "बरं शेठ," म्हणाले.

आईनं मिक्सरला हळद-कुंकू वाहिलं, फावड्याला वाहिलं, आणि तिला राहवेना म्हणून पेट्रोलच्या व्हायब्रेटरलाही वाहिलं. नारळ मुकादमांनी फोडला. बायकोनं सगळ्यांना पेढा दिला. मॅडम स्कूटीवरून आल्या, सोबत सहा साचे. सहा इंची चौकोनी ठोकळे पाडायला. प्रसाद घेतला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, आज तुम्ही वर येऊ नका. वर मी आहे. खाली तिकडं टेकूंवर लक्ष ठेवायला सेंट्रिंगवाल्याचा माणूस आहे. तुम्ही एकच करा. पाण्यापाशी उभे राहा."

मला आधी ते जरा अपमानाचं वाटलं. इतके महिने नकाशे, बँक, परवानग्या करायच्या आणि आज ड्रमपाशी वॉचमन?

७.१०

पहिलं पोतं फुटलं. मामांची बायकामाणसं सवयीनं घमेली भरायला लागली. मी फर्मा पुढं केला. फर्मा म्हणजे ३५ लिटरचं लोखंडी माप. एका पोत्यातलं सिमेंट तेवढंच भरतं, म्हणून वाळू-खडी त्याच मापानं मोजायची. सँड दीड फर्मा, खडी तीन. घमेल्याचं तसं नसतं. सकाळी ते शिगेला भरतं, दुपारी निम्मं. मामा म्हणाले, "शेठ, फर्म्यानं येळ लागंल." म्हटलं, "लागू द्या मामा, एका मालाला पाचच मिनिटं धरलीत मी. शंभर माल, आठ-साडेआठ तास." त्यांनी माझ्याकडं जरा निराळ्या नजरेनं पाहिलं आणि बायकांना म्हणाले, "घ्या गं फर्मा."

आता पाणी. भारतीय मानकात या प्रमाणाला एका पोत्यामागं फार तर ३० लिटर पाणी दिलंय. दहा लिटरच्या तीन बादल्या. सँड ओली असली तर त्याहून कमी, कारण तिच्या अंगचं पाणी मोजावं लागतं. काल सँडवर टँकरचा पाइप निसटला होता, म्हणून मॅडमनी सांगितलं, "अडीच बादल्यांवर सुरू करा." अडीचवर माल घट्ट, पण व्हायब्रेटरची नळी घातली की जागेवर बसत होता. तेच माप ठरलं.

कोळशाचा तुकडा घेतला आणि जोत्याच्या भिंतीवर रेघा मारायला लागलो. चार उभ्या, पाचवी आडवी. कारखान्यात पहिला नग तपासून मंजूर झाल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. पाचव्या मालाला मॅडमनी तीन साचे भरून घेतले. स्लॅबचा पहिला नग तपासायचा तर २८ दिवस थांबावं लागतं, आणि तोवर लाइन भरून संपलेली असते. म्हणून त्या म्हणतात पाण्यापाशी उभे राहा. सळई काल तपासता आली, सिमेंट सकाळी तपासता आलं. पाणी मात्र दर पाच मिनिटांनी नव्यानं ठरतं.

९.००

नाश्ता. चाळीस वडापाव आणि एक किटली चहा. निम्म्या लोकांनी खायचं, निम्म्यांनी काम चालू ठेवायचं, असं आधीच ठरलं होतं. रेघा वीस.

बायको वरून ओरडली, "देवघरावर पंख्याचा डबा कुठाय?" इलेक्ट्रिशियननं बसवलाच नव्हता. आम्ही दोघांनी नकाशावर लाल पेननं गोल केला होता, तरीही. तो भाग अजून भरला गेला नव्हता म्हणून वाचलो. फोन केला, तो शेजारच्या गल्लीतच होता, अर्ध्या तासात डबा आणि पाइप बसला. ती नंतर म्हणाली, "नकाशावर गोल करून चालत नाही, प्लेटेवर खडूनं करायचा." हे मी वहीत लिहून ठेवलं. दिवे, पंखे, इन्व्हर्टरची लाइन, बाथरूमच्या पाइपची भोकं, पाण्याच्या टाकीकडं जाणारी नळी, सगळ्यांच्या जागा आदल्या दिवशी प्लेटांवर खडूनं आखाव्यात आणि ज्याला त्या खोलीत राहायचंय त्यानं आखाव्यात. स्लॅब झाल्यावर हे सगळं छिन्नीनं करावं लागतं, आणि छिन्नीला सळई कुठं आहे ते दिसत नसतं.

१०.२०

वीज गेली. कुणाला काही वाटलं नाही. टाकीतलं पाणी उताराच्या नळीनं ड्रममध्ये येत होतं, मिक्सर डिझेलवर धडधडत होता. शेजारच्या नव्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली असावी, कुणीतरी सहाव्या मजल्यावरून वाकून आमच्याकडं बघत होतं.

पाण्याबद्दल आणखी एक. मेमध्ये टँकर कुठून भरून येतो ते सांगता येत नाही. म्हणून साधी परीक्षा घेतली, तोंडात घेऊन पाहिलं. जे पाणी खारट किंवा मचूळ म्हणून थुंकावं लागतं, ते सळईच्या शेजारीही नको.

११.४५

रेघा बावन्न. ऊन असं की प्लेटांवर अनवाणी पाय ठेववेना. चुलते आले, तात्या. ऐंशीच्या घरात. जुनं घर पाडायला त्यांचा विरोध होता. ते वर बघायला निघाले, शिडी धरायला मी गेलो. फार तर सात-आठ मिनिटं.

परत आलो तर मिक्सरमधून माल पातळ आमटीसारखा ओघळत होता. मिक्सरवाल्या पोरानं ड्रममधून बादली भरायचं सोडून सरळ नळीच आत धरली होती. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उन्हात माल घट्ट होतोय, वरचे ओरडतायत, पातळ माल पटकन पसरतो, सगळ्यांची कंबर वाचते. स्लॅबवर पाणी जास्त पडतं ते बहुधा लबाडीमुळं नव्हे, थकव्यामुळं. म्हणून ते बाराच्या सुमारास पडतं.

शिकागोतल्या डफ अब्रॅम्स नावाच्या माणसानं १९१८ साली प्रयोगांवरून नियम मांडला, की काँक्रीटची ताकद सिमेंटच्या मानानं पाणी किती यावर ठरते, पाणी वाढलं की ताकद उतरते. हिशेब सोपा आहे. सिमेंटला स्वतःसाठी थोडंच पाणी लागतं. जास्तीचं पाणी सुकून उडून जातं आणि जाताना मागं बारीक पोकळ्या सोडतं. पोत्यामागं एक बादली जास्त पडली की ताकद ढोबळमानानं तिसऱ्या हिश्श्यानं तरी घटते. वरून बघून कळत नाही. उलट पातळ मालाचा स्लॅब दिसायला गुळगुळीत.

मी हात वर केला. कारखान्यात लाल दिवा लावतात तसा. मिक्सर थांबला. मामा जवळ आले. म्हणाले, "सिमिट टाका की वरून एक घमेलं, झालं." मॅडमनी वरूनच मान हलवली. किती पाणी गेलं ते माहीत नाही, तर किती सिमेंट टाकणार? मामा गप्प राहिले. मग म्हणाले, "टाकायचा कुठं मंग?"

कारखान्यात नापास नगासाठी लाल पेटी असते. घरात ती आधीच शोधून ठेवायला हवी. आमच्याकडं परसात धुण्याच्या ओट्याची जागा आखलेली होती. तो माल तिकडं गेला. बावन्नानंतरची रेघ मारली, तिच्याभोवती गोल केला. एक पोतं गेलं. चुकीबद्दल पोराला कुणी बोललं नाही. मी नळीचं तोंड ड्रमच्या कानाला बांधून टाकलं, आता ती मिक्सरपर्यंत पोचूच शकत नव्हती. माणसाला रोज शहाणं करत बसण्यापेक्षा चूक अशक्य करून ठेवावी, हे आम्हाला चाकणमध्ये भिंतीवर लिहून दाखवतात. आणि वरच्यांना माल पसरायला दोन माणसं जास्त दिली. पाण्याऐवजी हात वाढवायचे.

१.१५

जेवण. भाजी-भाकरी, ताक, लोणचं. मटण संध्याकाळी, काम झाल्यावर. भर दुपारी मटण खाऊन कुणाच्यानं फावडं उचलत नाही.

जेवणाची सुट्टी हा स्लॅबचा धोक्याचा तास. एकदम सगळे बसले की भरलेल्या कडेचं काँक्रीट घट्ट होतं, पुढचं नवीन त्याला चिकटत नाही आणि तिथून पुढं पाणी झिरपतं. म्हणून तीन पाळ्या केल्या. थांबावंच लागलं असतं तर कुठं थांबायचं तेही मॅडमनी दोरीनं दाखवून ठेवलं होतं. गाळ्याच्या मधल्या भागात, तुळईच्या तोंडाशी कधीही नाही. आणि कड उतरती नाही, फळी लावून उभी.

मामांशेजारी ताटावर बसलो. त्यांनी आपणहून विषय काढला. "सकाळी तुमी वर रिंगा बघत हुता. आमच्या हितं तवा रिंगाच नव्हत्या." किल्लारी त्यांच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटेचा भूकंप. ते तेव्हा शाळेत होते. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. हलल्यावर मात्र भिंतीचे दगड बाहेर सुटले आणि वरची मातीच आत बसली. हजारो माणसं झोपेतच गेली. "माळवदाला दरसाली माती टाकायची, गळू नये म्हून. आज्यानं टाकली, बापानं टाकली. वज्जन वाढतंय असं कुनाच्या ध्यानात आलं न्हाई." एवढं बोलून त्यांनी ताकाची वाटी उचलली.

मी आमच्या पाडलेल्या घराकडं पाहिलं. तेही दगडमातीचंच, तीन खणी. त्याचे सागवानी वासे तात्यांनी परसात रचून ठेवलेत, दारांच्या चौकटी करायच्यात. सगळंच जुनं वाईट नसतं. भिंतीला धरून ठेवणारं काहीतरी हवं असतं, एवढंच.

२.३०

खाली गेलो. सेंट्रिंगवाल्याचा माणूस सकाळपासून टेकूंमध्ये एकटा, हातात हातोडी. सगळ्यांत कंटाळवाणं काम, आणि सगळ्यांचा जीव त्याच्यावर. प्रत्येक तुळईखाली त्यानं दोरीला खिळा टांगलाय, खालच्या विटेपासून बोटभर वर. खिळा विटेला टेकला तर तुळई दबली. एका कोपऱ्यात धुतलेलं पाणी झिरपून माती मऊ झाली होती. त्यानं टेकूखाली फळीचा मोठा तुकडा सारला, पाचर ठोकली. टेकू कधी नुसत्या मातीवर उभा करू नये.

त्यानं विचारलं, "शेठ, प्लेटा धा दिवसांनी नेऊ ना? पुढं साइट लागलीय." इथं मालक नेमके पघळतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवसांनी आणि तुळईखालचे चौदा दिवसांनी काढता येतात असं मानकात आहे, पण ते साध्या सिमेंटसाठी. राखमिश्रित सिमेंट सावकाश घट्ट होतं. आमच्या करारात स्लॅबला चौदा, तुळयांना एकवीस लिहिलंय. कागद दाखवला. तो हसला, "म्हंजे कागद केलाय!" केलाय. तोंडी ठरलेले दिवस प्लेटांच्या भाड्यासमोर टिकत नाहीत.

३.४०

पश्चिमेला, मुळशीकडं, काळं दिसलं. रेघा नव्वद, गोल धरून. सगळ्यांचे हात आपोआप भरभर चालायला लागले. वारा सुटला, सँडची धूळ डोळ्यांत. मामांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. दुसरे तीन साचे मॅडमनी याच वेळी भरले. मला वाटलं घाई आहे, राहू द्या. त्या म्हणाल्या, "घाईतलंच तपासायचं असतं."

ताडपत्र्या आणि प्लास्टिकचे रोल सकाळपासून जिन्यापाशी होते. ताज्या काँक्रीटवर पाऊस पडला तर वरचं सिमेंट धुऊन जातं. पाच-सहा तासांपूर्वी भरलेल्या भागाला तो फारसा बाधत नाही. म्हणून झाकायचं ते शेवटचं आधी.

४.५०

शेवटचा माल. शंभर अधिक एक, कारण ओट्यावर गेलेल्याची भरपाई करावी लागली. लांब पट्टीनं सपाटी झाली, गच्चीला नाल्याकडं उतार दोरीनं धरला. वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया तीन फूट उभ्या सोडल्यात, त्यांना सिमेंटचं पाणी फासलं, गंजू नयेत म्हणून. वरचा मजला कधी होईल ते बँक जाणे.

पाऊस अजून नाही. बायका हौदावर हातपाय धुत होत्या. सिमेंटनं बोटांच्या बेचक्यात कातडी सोललेली. मी हातमोजे आणले होते, चारच जोड, ते व्हायब्रेटरवाल्यांनी नेले. पुढच्या वेळी प्रत्येकाला एक जोड, आणि ते यादीत सिमेंटच्या वर लिहायचे.

६.३०

मटण, भाकरी, भात. पंगतीत तात्या वाढायला उभे राहिले, ज्यांचा विरोध होता ते.

हिशेब चुकता केला. एक मावशी थांबून राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, आमाला नव्वद दिवसांचा दाखला कुनी देईना." इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. त्यावर मुलांच्या शिक्षणाची, दवाखान्याची मदत मिळते. पण त्या आज माणला, उद्या ताथवड्याला, परवा कुठं. प्रत्येक मालकाकडं त्यांचा एकच दिवस. नव्वद घरं त्यांनी भरली, दाखला एकाचाही नाही. मामांना विचारलं, तुम्ही देऊ शकता ना? त्यांच्याकडं हजेरीचं पुस्तकच नव्हतं. मी माझी तपासणीची कोरी वही त्यांना दिली, रकाने आखून. नाव, तारीख, जागा, सही. पहिल्या ओळीत आजची तारीख घातली आणि मालक म्हणून सही केली. नव्वदातला एक.

९.३०

टेम्पो गेला. वीज सायंकाळीच आली होती. मी वर जाऊन सकाळी भरलेल्या भागाला बोट लावून पाहिलं. ठसा उठला नाही. उद्या सकाळी त्यावर मातीची आळी बांधायची, चौकोन चौकोन, आणि त्यात बोटभर पाणी साठवायचं. किमान दहा दिवस, आम्ही चौदा धरलेत. दिवसातून दोनदा शिंपडलं म्हणजे पाणी मारलं असं होत नाही, दोन शिंपडण्यांच्या मध्ये ते वाळता कामा नये. आईनं ते काम मागून घेतलंय. म्हणाली, "तुम्ही सगळे जाता कामाला, मी आणि स्लॅब घरी."

दिवसभर ज्या पाण्याला मी थोपवत होतो, तेच आता सढळ हातानं द्यायचं. आत घालताना मोजून, वर ओतताना न मोजता.

पाऊस आला तो पावणेदहाला. मोठे थेंब, मग सरळ धार. बायको आणि मी ताडपत्रीची टोकं विटांखाली दाबून खाली पळालो. शेवटचा तुकडा झाकलेला होता, बाकीच्याला हवं तेच मिळत होतं. आई दारात उभी राहून बॅटरीच्या उजेडात जोत्याच्या भिंतीवरच्या रेघा बघत होती.

"हा गोल कसला रे?"

"तो तुझा धुण्याचा ओटा."

"म्हणजे कच्चा झाला?"

"जरा कच्चा."

तिनं थोडा विचार केला. "धुणं आपटायला बास आहे," म्हणाली, आणि पहाटे साडेपाचचा गजर लावून देशील का विचारलं, आळ्यांना माती कालवायची होती.